‘पिटबुल आहे’ हे मारण्याचं कारण होऊ शकतं का?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटविलर, अमेरिकन बुलडॉग, केन कोर्सो अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची यादी त्यात होती. हे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची पैदास आणि विक्री थांबवा, पाळायला परवाने देऊ नका, ज्यांच्याकडे आधीपासून आहेत त्यांच्या कुत्र्यांची नसबंदी करा, असा त्याचा मथितार्थ.

कुत्र्यांना मारा, असं त्या पत्रात कुठेही नव्हतं. पण आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची चर्चा एका संध्याकाळीत तिथे पोचली. चौथ्या मजल्यावर सहा वर्षांची एक रॉटविलर कुत्री राहते. ती कुणाच्या अंगावर गेल्याचं मला तरी आठवत नाही. ‘उद्या काही झालं तर जबाबदार कोण?’ इथून सुरुवात झाली आणि रात्री जेवणाच्या सुमाराला कुणीतरी लिहिलं, ‘डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन टाका ना, तिला त्रास होत नाही.’ त्याखाली पाच-सहा अंगठे उमटले.

पुढे १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, निर्णयाची पद्धत नियमाला धरून नव्हती, हे त्यामागचं मुख्य कारण. योग्य रीतीने नवा नियम करायची वाट सरकारला मोकळी राहिली. त्यामुळे हा विषय पुन्हा येणार, आणि ते ‘इंजेक्शन देऊन टाका’ही पुन्हा येणार. ज्या देशांनी हा रस्ता आधी चालून पाहिला तिथे काय झालं, हे आपण आत्ताच समजून घेतलेलं बरं.

आधी तीन शब्द

पहिला शब्द ब्रीड. मराठीत ‘जात’ म्हणता येईल, पण तो शब्द आपल्याकडे माणसांच्या बाबतीत इतकं ओझं वाहतो की मी इथे ब्रीडच म्हणणार आहे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक नर-मादी निवडून, ठरावीक रूप आणि ठरावीक कामासाठी तयार केलेला कुत्र्यांचा वाण म्हणजे ब्रीड. ज्याची वंशावळ कागदावर आहे त्याचं ब्रीड सांगता येतं. बाकीच्यांचं आपण अंदाजाने सांगतो.

दुसरा शब्द ‘टाइप’. पिटबुल हे एका ब्रीडचं नाव आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकन पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, अमेरिकन बुली आणि त्यांच्यासारखे दिसणारे असंख्य मिश्र कुत्रे या सगळ्यांना लोक पिटबुलच म्हणतात. म्हणून ब्रिटनच्या कायद्यात ‘टाइप’ म्हटलंय, आणि तिथल्या न्यायालयाने १९९३ मध्ये स्पष्ट केलं की टाइप हा ब्रीडपेक्षा व्यापक शब्द आहे. म्हणजे आई-बाप कोण हे महत्त्वाचं नाही, दिसतो कसा ते महत्त्वाचं.

तिसरा शब्द दयामरण. त्याच्यावर जरा थांबायला हवं.

या मरणात दया कुणावर आहे?

कॅन्सरने पोखरलेला, खाणंपिणं सुटलेला, उठता न येणारा कुत्रा ज्यांनी पाहिलाय त्यांना दयामरण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मालक डोकं मांडीवर घेऊन बसलेला असतो. ते मरण त्या कुत्र्याच्या भल्यासाठी असतं. त्याच्या वाट्याला आता फक्त वेदना उरलेल्या असतात आणि त्या थांबवायला दुसरा उपाय नसतो.

आता त्याच टेबलावर एक धडधाकट, दोन वर्षांचा, शेपूट हलवणारा कुत्रा आणा. औषध तेच आणि सुईसुद्धा तीच, कुत्र्याला त्रासही तितकाच कमी. पण हे मरण त्याच्या भल्यासाठी नाही. ते आपल्या भीतीसाठी आहे, किंवा विमा कंपनीसाठी, शेजाऱ्यांसाठी, कायद्यातल्या एका ओळीसाठी. ‘त्रास होत नाही’ हे खरं असलं तरी ते मारायच्या पद्धतीबद्दल झालं. कारणाबद्दल त्यात काहीच नाही. झोपेत खून केला तर तो खून नसतो, असं आपण म्हणत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं भाषेपुरतंच आहे. निरोगी, न चावलेल्या कुत्र्याला ब्रीडमुळे मारायचं असेल तर त्याला मारणं म्हणा. दयामरण हा शब्द तिथे वापरला की निम्मा प्रश्न न विचारताच सुटल्यासारखा वाटतो. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांचं नियमन करणाऱ्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की कायद्याने भाग पाडलं नसेल तर निरोगी जनावर मारायचं बंधन डॉक्टरवर नाही. सुई ज्यांच्या हातात असते त्यांना हा फरक पक्का ठाऊक आहे.

पिटबुल ओळखायचा कसा?

एप्रिल-मेमध्ये बाजारात उभं राहून पाहा. प्रत्येक पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिलेलं असतं. त्यातले किती आंबे देवगडचे? वर्षानुवर्षं आंबा विकणाराही कधीकधी फसतो, कारण कर्नाटकातून आलेला आंबा रंगाने, आकाराने अगदी तसाच दिसतो. कापून चाखेपर्यंत कळत नाही. आता कल्पना करा की एका विशिष्ट बागेचे आंबे जाळून टाकायचा हुकूम निघालाय आणि कुठले आंबे त्या बागेचे, हे पेटीकडे लांबून बघून ठरवायचंय.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या चार आश्रयगृहांमध्ये हाच प्रयोग कुत्र्यांवर झाला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज कुत्रे हाताळणाऱ्या १६ कर्मचाऱ्यांना १२० कुत्रे दाखवून ब्रीड विचारलं आणि नंतर त्याच कुत्र्यांची डीएनए तपासणी केली. कर्मचाऱ्यांच्या मते त्यात पिटबुल प्रकारचे ६२ कुत्रे होते, डीएनएच्या हिशेबाने २५. ही अनुभवी माणसं, ज्यांचं हेच काम आहे. रुंद डोकं, आखूड केस, भरलेली छाती दिसली की पिटबुल, इतका हा अंदाज ढोबळ असतो.

आपल्या २०२४ च्या यादीत तर ‘तोसा इनू’ आणि ‘जपानी तोसा’ अशा दोन नोंदी होत्या. तोसा हा जपानीच कुत्रा, आणि इनू म्हणजे जपानी भाषेत कुत्रा. म्हणजे एकच ब्रीड दोनदा. त्या यादीवर कुत्र्यांचं जगणं ठरणार होतं, म्हणून मला ही चूक किरकोळ वाटत नाही.

या अंदाजाची किंमत काय असते ते उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरातल्या लेनॉक्स नावाच्या कुत्र्यावरून कळतं. मे २०१० मध्ये तिथल्या नगर परिषदेच्या माणसांनी त्याला घरातून उचललं. त्याने कुणाला चावल्याची तक्रार नव्हती. मालक सांगत होते की तो अमेरिकन बुलडॉग आणि लॅब्रडॉरचं मिश्रण आहे, घरातल्या अपंग मुलीचा सोबती आहे. परिषदेच्या माणसांनी टेपने मापं घेतली आणि तो पिटबुल टाइप ठरला. दोन वर्षं खटला चालला. एका तज्ज्ञाने तो धोकादायक म्हटला, बाकीच्यांनी नाही म्हटलं. सुटकेसाठी जगभरातून दोन लाखांच्या आसपास सह्या आल्या, अमेरिकेत नेऊन सांभाळायची तयारी लोकांनी दाखवली. ११ जुलै २०१२ रोजी त्याला मारण्यात आलं. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

तिथल्या टाइपवर बंदी घालणाऱ्या कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार बोचते. एरवी आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. इथे अधिकारी म्हणाला ‘हा पिटबुल टाइप आहे’, की तसं नाही हे मालकाने सिद्ध करायचं. मिश्र कुत्र्याच्या मालकाकडे कसला आलाय पुरावा?

‘पण रक्तात असतंच ना?’

हा आक्षेप पोकळ नाही. कारवान कुत्रा पाळलेल्या कुणालाही विचारा. समोरून ससा पळाला की तो दोरी तोडून मागे जातो, त्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. मेंढ्या राखणारे कुत्रे पिल्लू असतानाच पोरांना घोळक्यात हाकायला बघतात. मग ज्यांचे पूर्वज आधी बैलांवर सोडले गेले, आणि १८३५ मध्ये ब्रिटनने त्या खेळावर बंदी घातल्यावर पुढे एकमेकांशी झुंजवले गेले, त्यांच्यात काहीच उतरलं नसेल का?

उतरतं. ब्रीडचा काहीच परिणाम नाही असं म्हणणारे चुकतात. किती उतरतं, हा खरा प्रश्न आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी स्वभावाची माहिती भरून दिली होती आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचे जनुक तपासले होते. निष्कर्ष असा की दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ९ टक्के भागच ब्रीडवरून सांगता येतो. उरलेला त्या-त्या कुत्र्याचा असतो, त्याचा पिंड, त्याचं लहानपण, त्याचा मालक, त्याची साखळी.

खिलार बैल बाळगणाऱ्या शेतकऱ्याला हे अभ्यासाशिवाय माहीत असतं. खिलार चपळ, तापट, तडफदार, ही त्या वाणाची ओळख. पण ‘मारका’ हा शब्द आपण सगळ्या खिलारांना लावत नाही. मारका हा अमुक एका दावणीचा अमुक एक बैल असतो. गावात सगळ्यांना तो ठाऊक असतो, पोरं त्याच्यापासून चार हात लांब राहतात, त्याला वेगळं बांधतात. एका बैलाने शिंग मारलं म्हणून तालुक्यातले खिलार कुणी कसायाकडे हाकले, असं मी तरी ऐकलेलं नाही.

ब्रीडच्या बाबतीत एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे, ती म्हणजे ताकद. पन्नास किलोच्या कुत्र्याने धरलं आणि पाच किलोच्या पॉमेरेनियनने धरलं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॉमेरेनियन जास्त वेळा चावत असेलही, पण त्याने चावल्यावर टाके पडतात आणि मोठ्या कुत्र्याने चावल्यावर जीव जाऊ शकतो. म्हणून मोठा, दणकट कुत्रा पाळणाऱ्यावर जास्त बंधनं असावीत हे मला पूर्ण मान्य आहे. ट्रक स्कूटरपेक्षा जास्त घातक असतो, म्हणून त्याला वेगळा परवाना लागतो. रस्त्यावर ज्याने अजून कुणाला धक्काही दिलेला नाही असा ट्रक आपण भंगारात काढत नाही. आणि कुत्रा ट्रक नाही, त्याला जगायचं असतं.

एकाच गुन्ह्यातून सुटलेले कुत्रे, दोन वेगळे निकाल

या सगळ्या वादात मला सर्वांत जास्त शिकवून गेलेली गोष्ट अमेरिकेत घडली.

एप्रिल २००७. व्हर्जिनिया राज्यातल्या सरी काउंटीत मायकेल व्हिक या नामांकित फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेवर पोलिसांचा छापा पडला. तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावल्या जात होत्या. हरलेल्या कुत्र्यांना बुडवून, फाशी देऊन, विजेचा झटका देऊन मारल्याचं तपासात उघड झालं. पन्नासच्या आसपास पिटबुल जिवंत सापडले. काहींच्या अंगभर जखमांचे वण होते.

तोवरचा रिवाज असा होता की झुंजीतून सोडवलेले कुत्रे हा पुरावा, आणि खटला संपला की पुरावा नष्ट करायचा. ह्यूमेन सोसायटी आणि पेटा या प्राण्यांसाठीच काम करणाऱ्या मोठ्या संघटनांचंही मत तेच पडलं, यांना मारलेलंच बरं. मला हे वाचून धक्का बसला होता. कुत्र्यांच्या बाजूने उभं राहणाऱ्यांनीही हे कुत्रे पाहण्याआधीच त्यांचा निकाल लावला होता.

या वेळी मात्र वेगळं झालं. प्राणिवर्तनाच्या तज्ज्ञांच्या पथकाने ४९ कुत्र्यांची एकेक करून पारख केली. अशा चाचणीत खाताना ताटात खोटा हात घालून पाहतात, लहान मुलाच्या आकाराची बाहुली जवळ आणतात, दुसरा कुत्रा समोर आणून प्रतिक्रिया बघतात. बरेच कुत्रे चावणारे नव्हतेच, ते भेदरलेले होते, जमिनीला चिकटून बसणारे. आक्रमकतेमुळे मारावा लागला तो फक्त एक, आणखी एक आजारपणामुळे. ४७ वाचले. कायद्याच्या एका प्राध्यापक बाईंना न्यायालयाने या कुत्र्यांच्या पालक म्हणून नेमलं, आणि व्हिकला त्यांच्या संगोपनासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरायला लावले. ज्याने बिघडवलं त्याने निस्तरायचं. मला हे फार न्याय्य वाटतं.

त्यातले २२ कुत्रे युटा राज्यातल्या एका अभयारण्यात गेले, १० कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या संस्थेकडे, बाकीचे इतर ठिकाणी. काही जन्मभर घाबरटच राहिले, माणसाने हात उचलला की दबकायचे. काही घरांमध्ये रुळले. जॉनी जस्टिस नावाचा एक कुत्रा पुढे ग्रंथालयात लहान मुलांशेजारी बसू लागला. मोठ्याने वाचायला लाजणारी मुलं त्याला गोष्टी वाचून दाखवायची. या घोळक्यातला शेवटचा, फ्रोडो, डिसेंबर २०२१ मध्ये म्हातारपणी गेला.

आता दुसरा निकाल. व्हिकच्या कुत्र्यांची बातमी सगळीकडे झालेली असताना, फेब्रुवारी २००९ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीत झुंजी लावणाऱ्या एका माणसाकडून जप्त केलेले सुमारे दीडशे पिटबुल न्यायालयाच्या परवानगीने मारले गेले. त्यांची पारख झाली नाही. जप्तीनंतर जन्मलेली पिल्लंही त्यात होती, ज्यांनी झुंज पाहिलेली नव्हती, ज्यांचे डोळे कोठडीतच उघडले होते. त्यांचा गुन्हा एकच, ती कुणाची पिल्लं होती. यावर इतका संताप उसळला की ह्यूमेन सोसायटीने त्याच वर्षी आपलं धोरण बदललं आणि झुंजीतून सोडवलेल्या प्रत्येक कुत्र्याची वेगळी पारख व्हावी, असं म्हणायला सुरुवात केली.

कुत्रे त्याच प्रकारचे होते आणि त्यांचा भूतकाळही तसलाच. फरक एवढाच पडला की एका ठिकाणी कुणीतरी एकेका कुत्र्याकडे बघितलं.

‘त्यांना कुणी घेतच नाही, मग पिंजऱ्यात कुढत ठेवायचं का?’

आश्रयगृह चालवणाऱ्यांचा हा आक्षेप आहे आणि तो आतड्यातून आलेला असतो. जागा कमी, पैसा कमी, पिटबुल दिसला की लोक पुढच्या पिंजऱ्याकडे वळतात. वर्षानुवर्षं सिमेंटच्या खोलीत राहून कुत्रा वेडापिसा होतो, हे खोटं नाही.

पण लोक का वळतात? ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. पिटबुल अशी चिठ्ठी लावलेले कुत्रे आणि दिसायला अगदी तसेच पण दुसऱ्या ब्रीडची चिठ्ठी लावलेले कुत्रे, यांची त्यांनी तुलना केली. पिटबुल चिठ्ठीवाल्यांना घर मिळायला तिपटीहून जास्त काळ लागला होता. फ्लोरिडातल्या ऑरेंज काउंटीच्या आश्रयगृहाने पिंजऱ्यावरून ब्रीडच काढून टाकलं, तर या कुत्र्यांना घर मिळण्याचं प्रमाण वाढलं. कुत्रा तोच राहिला, फक्त चिठ्ठी गेली. म्हणजे आधी बदनाम करायचं, बदनामीमुळे कुणी घेत नाही म्हणायचं, आणि कुणी घेत नाही म्हणून मारायचं, असं हे चक्र फिरतं.

ब्रिटनमध्ये तर कायदाच हे चक्र फिरवतो. बंदी असलेल्या टाइपचा बेवारस कुत्रा कितीही गरीब स्वभावाचा असला तरी आश्रयगृहाला तो नव्या घरी देता येत नाही. आरएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तिथल्या जुन्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितलं की दोन वर्षांत त्यांना असे ३६६ कुत्रे मारावे लागले. त्यातल्या अनेकांना चांगली घरं मिळाली असती, हे त्यांचंच म्हणणं. सकाळी ज्याला खाऊ घातलं त्याला दुपारी सुई द्यायची, आणि कारण काय, तर डोक्याची रुंदी. तिथे काम करणाऱ्या माणसांवरही हा अन्याय आहे.

पैदास थांबवायला माझा विरोध नाही. नसबंदी करा, बेकायदा ब्रीडरना दंड करा, तुरुंगात टाका. न जन्मलेल्या पिल्लाचं काही हिरावलं जात नाही. जन्मलेल्याचं जातं.

बंदीने हल्ले थांबले का?

ब्रिटनचा डेंजरस डॉग्ज ॲक्ट १९९१ चा. त्या वर्षी काही भीषण हल्ले झाले होते, सरकारवर दबाव होता, कायदा घाईत झाला. पिटबुल टेरिअर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो हे चार प्रकार बंद. सुरुवातीची काही वर्षं न्यायाधीशालाही पर्याय नव्हता, नियम मोडला की कुत्र्याला मृत्युदंड. लंडनमधली डेम्प्सी नावाची कुत्री १९९२ मध्ये पकडली गेली, कारण तिला उलटी येत होती म्हणून सांभाळणाऱ्याने तिचं मुसकं क्षणभर काढलं होतं. ती तीन वर्षं कोठडीत मरणाची वाट बघत होती. १९९५ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर सुटली. न्यायाधीशांना थोडी मोकळीक देणारी दुरुस्ती १९९७ मध्ये आली.

आणि परिणाम? १९९१ ते २०१६ या २५ वर्षांत तिथे कुत्र्यांमुळे ३० माणसं दगावली. आरएसपीसीएच्या नोंदीनुसार त्यातल्या २१ जणांचा जीव बंदी नसलेल्या कुत्र्यांनी घेतला. २०१८ मध्ये तिथल्या खासदारांच्या समितीनेही म्हटलं की हा कायदा लोकांना पुरेसं संरक्षण देत नाही आणि निरुपद्रवी कुत्रे विनाकारण मारले जातात.

त्यानंतर एक्सएल बुली आला. २०२१ नंतर ब्रिटनमध्ये काही फार वाईट मृत्यू झाले, त्यात लहान मुलंही होती, आणि अनेक हल्ल्यांत हा अवाढव्य कुत्रा होता. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सरकारने त्याला यादीत टाकलं. १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा झाला. तेव्हा सवलत हवी तर ९२ पौंड ४० पेन्स भरायचे, विमा काढायचा, नसबंदी करायची, बाहेर नेताना मुसकं बांधायचं, अशा अटी होत्या. मारायचा असेल तर सरकार २०० पौंड देणार होतं. कुठला कुत्रा एक्सएल बुली? नराची खांद्यापर्यंतची उंची २० इंच किंवा जास्त, डोकं जड आणि रुंद, वगैरे. पुन्हा टेप आलीच. पन्नास हजारांहून जास्त मालकांनी प्रमाणपत्रं घेतली. म्हणजे एवढ्या कुत्र्यांसोबत लोक मुसकं बांधून, नियम पाळून राहू शकतात, हे सरकारनेच मान्य केलं. मग ज्याचा मालक गरीब होता, किंवा ज्याला मालकच नव्हता, तो कुत्रा जास्त धोकादायक होता का?

काही देश मागे फिरले. नेदरलँड्सने १९९३ मध्ये घातलेली पिटबुलबंदी चावे कमी होत नाहीत म्हणून १५ वर्षांनी उठवली. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने १९८९ मध्ये बंदी घालून हजारो कुत्रे मारले. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्याच मतदारांनी बंदी उठवून परवाना पद्धत आणली.

‘तुमच्या मुलाला फाडलं असतं तर?’

हा प्रश्न मला विचारला गेलाय, आणि त्याला बगल देणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुण्याला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. जुलै २०२२ मध्ये लखनऊत ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला घरच्याच पिटबुलने मारलं. त्या घरांपुढे कुत्र्यांच्या हक्कांची भाषा बोलायची माझी हिंमत नाही. माझ्या मुलाला झालं असतं तर मीही आधी त्या कुत्र्याचा जीव मागितला असता.

ज्या कुत्र्याने माणसाचा जीव घेतला, किंवा जो चिथावणीशिवाय पुन्हा पुन्हा हल्ले करतो आणि तज्ज्ञांच्या मते सुधारण्यापलीकडे आहे, त्याला वेदनारहित मरण देणं मला चूक वाटत नाही. व्हिकच्या ४९ कुत्र्यांमध्येही तसा एक निघाला. पण तो निकाल त्या कुत्र्याच्या वागण्यावर लागला. हणजुण्याच्या दुःखाची भरपाई पुण्यातल्या एखाद्या घरात कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला मारून होत नाही. त्या मुलालाही त्याने संरक्षण मिळालं नसतं. तो कुत्रा मोकळा कसा होता, मुसकं का नव्हतं, मालकावर आधी कुणाचं लक्ष होतं का, हे विचारलं असतं तर कदाचित मिळालं असतं.

ब्रीडवर बोट ठेवलं की मालक सुटतो, हा यातला मला सर्वांत मोठा धोका वाटतो. ‘पिटबुलच तो, चावणारच’ असं म्हटल्यावर त्याला आखूड साखळीने बांधणारा, पिल्लू असताना आईपासून तोडून ऑनलाइन विकणारा, गच्चीवर एकटं ठेवून ‘डेंजर’ बनवणारा माणूस चित्रातून गायब होतो. पिटबुल बंद झाला तर तो उद्या रॉटविलर आणेल, परवा बुली कुत्ता. ब्रिटनमध्ये हेच झालं, १९९१ चा पिटबुल गेला आणि त्याची जागा एक्सएल बुलीने घेतली.

आपल्याकडे आत्ता काय करता येईल

गोव्याच्या विधानसभेने २०२५ मध्ये घातक प्राण्यांच्या पैदाशीचं नियमन आणि नुकसानभरपाईचा कायदा मंजूर केला. त्यातला नुकसानभरपाईचा भाग मला ब्रीडच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो, कारण तो मालकाच्या खिशाला हात घालतो. महाराष्ट्रातल्या महापालिकांकडे कुत्र्याच्या परवान्याची सोय आहे, पण परवाना काढलेले शेजारी शोधूनही सापडत नाहीत. ठरावीक वजनापुढच्या प्रत्येक कुत्र्याला, ब्रीड कुठलंही असो, परवाना, मायक्रोचिप, विमा आणि सार्वजनिक जागी मुसकं सक्तीचं करता येईल. पहिल्या चाव्याची नोंद झाली की तपासणी, दुसऱ्याला जप्ती. विल्क्स काउंटीपेक्षा हे महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि करता येण्यासारखं आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर मी त्या रात्री काही लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर गेलो. वहिनींचे डोळे सुजलेले होते. कुत्रीला गावी पाठवावी का, म्हणून त्या विचारत होत्या. आम्ही मुसक्याबद्दल बोललो. बैलाला बांधतात तसलं दोरीचं नाही, तोंड उघडून धापता येईल, पाणी पिता येईल असं जाळीचं. पहिले तीन-चार दिवस ते नुसतं हातात धरायचं आणि आत चिकनचा तुकडा ठेवायचा. तिने स्वतःहून तोंड घातलं की शाबासकी. आठवडाभराने पट्टा लावायचा, तोही दोन मिनिटं. त्यांनी पंधरा दिवस घेतले. आता मुसकं दिसलं की ती स्वतःच दारापाशी येऊन उभी राहते, आणि लिफ्टमध्ये आधी दचकणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलगी हल्ली तिच्या पाठीवरून हात फिरवते.